वाशीतील रविवारचा चिनी वर्ग : एका अक्षराला दिलेला पुरेसा वेळ

वाशी रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने घेतलेल्या एका खोलीत, दर रविवारी सकाळी प्रौढांसाठी चिनी भाषेचा प्राथमिक वर्ग भरतो. वर्गाला फलक नाही आणि प्रवेश बहुधा ओळखीतूनच मिळतो. तो चालवणाऱ्या बाईंनी नाव छापू नये अशी विनंती केल्यामुळे ते येथे दिलेले नाही. तरीही या वर्गाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण परकी लिपी प्रौढ वयात कशी शिकवावी याचा इतका विचार केलेला वर्ग ठाणे किंवा नवी मुंबईत माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पहिल्या सत्राचा मोठा भाग येथे एकाच अक्षराभोवती फिरतो. ते अक्षर म्हणजे ‘हाओ’, अर्थात ‘चांगले’. ‘नी हाओ’ या अभिवादनामुळे ज्यांनी चिनी भाषेचे पुस्तकही उघडलेले नाही त्यांच्याही कानावरून ते गेलेले असते. माझे मत आरंभीच नोंदवते : एका अक्षरावर दिलेला हा वेळ पूर्णपणे सार्थकी लागतो आणि वर्गाचे शुल्क, जे पूर्ण सत्रासाठी दहा हजार रुपयांच्या आत आहे, केवळ या एका निर्णयासाठीसुद्धा द्यावे असे आहे. वर्गात उणिवा आहेत, त्यांतील दोन गंभीर आहेत, आणि त्यांविषयीही पुढे लिहिले आहे.

येथे येणारे विद्यार्थी पाहिले की नवी मुंबईत असा वर्ग का भरतो हे लगेच लक्षात येते. रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग, साचे आणि विजेचे साहित्य चीनमधून मागवले जाते. न्हावा-शेवा बंदरातून माल सोडवून घेणारी मंडळी वाशी-बेलापूर परिसरातच कार्यालये थाटून आहेत. माझे स्वतःचे काम महापे येथील एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. खोक्यांवरील मजकूर, यंत्राच्या नियंत्रण फलकावरील बटणे, आराखड्यांच्या कडेला लिहिलेल्या सूचना हे सगळे आमच्यासमोर रोज येते आणि रोज कोणाला तरी विचारावे लागते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत संदेश पाठवण्याचे वीचॅट हे चिनी ॲपही होते. तेव्हापासून पुरवठादारांशी होणारा बराचसा संवाद ई-मेलमधून चालतो आणि त्यात चिनी वाक्ये अधूनमधून तशीच येतात. मोबाइलमधील भाषांतर बहुतेक वेळा काम भागवते. पण माल ‘झाला’ आहे की ‘तयार’ आहे, एवढाच प्रश्न जेव्हा महत्त्वाचा असतो तेव्हा ते भाषांतर अपुरे पडते.

‘हाओ’ हे सहा रेघांचे अक्षर आहे. डावीकडे ‘स्त्री’ या अर्थाचा तीन रेघांचा घटक आणि उजवीकडे ‘मूल’ या अर्थाचा तीन रेघांचा घटक, अशी त्याची रचना. लिपी सुलभ करण्याची योजना चीनमध्ये १९५६ साली जाहीर झाली, तरी या अक्षराला तिचा स्पर्श झाला नाही. त्यामुळे बीजिंगमध्ये, तैपेईमध्ये आणि हाँगकाँगमध्ये ते एकाच रूपात छापले जाते. आरंभासाठी हेच अक्षर निवडण्यामागे हेही एक कारण असल्याचे बाईंनी सांगितले, आणि ते मला पटले.

लिहिण्याचा भाग या वर्गात सर्वांत उत्तम आहे. पहिली रेघ वरून निघून डावीकडे तिरकी उतरते आणि मधेच वळून उजवीकडे खाली जाते. हात न उचलता केलेले हे वळण एकच रेघ मानले जाते. दुसरी रेघ उजव्या बाजूने निघून डावीकडे खाली घसरते आणि पहिलीला खालच्या भागात छेदते. तिसरी आडवी. ‘स्त्री’ हा घटक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिला तर ही आडवी रेघ दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरते, परंतु ‘हाओ’मध्ये तो डाव्या बाजूला दाटीत बसत असल्यामुळे तीच रेघ डावीकडून उजवीकडे किंचित वर चढते आणि उजवीकडे बाहेर डोकावत नाही. शेजारच्या घटकाला जागा करून देण्याची ही पद्धत पुढे शेकडो अक्षरांत भेटते. बाईंनी ती नियम म्हणून सांगण्याआधी प्रत्येकाकडून दोन्ही रूपे एकाखाली एक लिहून घेतली, आणि फरक आम्हालाच शोधून काढायला लावला. उजव्या घटकाची पहिली रेघ थोडी आडवी जाऊन डावीकडे खाली मोडते, दुसरी तिथूनच खाली उतरून तळाशी डावीकडे आकडी घेते, आणि शेवटची लांब आडवी रेघ मधून जाते. यांतील पहिल्या दोन रेघा वेगळ्या काढल्या तर त्यांच्यापासून ‘ल’ असा उच्चार होणारे एक स्वतंत्र अक्षर तयार होते, जे क्रिया पूर्ण झाल्याचे किंवा स्थिती बदलल्याचे दाखवण्यासाठी वाक्यागणिक लागते. एक अक्षर शिकता शिकता दुसरे हाती येते. तिसरे आणि चौथेही, कारण ‘स्त्री’ आणि ‘मूल’ हे दोन्ही घटक स्वतंत्र अक्षरे आहेत.

रेघांचा क्रम पाळण्याचा आग्रह अनेकांना आरंभी जाचक वाटतो. वर्गातील एका तरुण विद्यार्थ्याने विचारले की, शेवटी आकार तोच येत असेल तर क्रमाचा हट्ट कशासाठी. उत्तर म्हणून बाईंनी घाईत लिहिलेल्या एका चिठ्ठीचे छायाचित्र फळ्याशेजारी लावले. घाईने लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात, आणि त्या कोणत्या बाजूने मिसळतात हे क्रमावर ठरते. ज्याच्या हाताला क्रम ठाऊक आहे त्यालाच असे हस्ताक्षर वाचता येते. मालाच्या खोक्यावर शाईने खरडलेल्या सूचना वाचण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसे होते. शब्दकोशाच्या ॲपमध्ये बोटाने अक्षर काढून शोधतानाही योग्य क्रमाचा उपयोग होतो, हेही तेथेच करून दाखवण्यात आले.

मराठी लिहिणाऱ्या हाताची एक सवय येथे अडथळा ठरते. आपण अक्षर शिरोरेषेखाली टांगतो. वरची रेषा पक्की, खालची बाजू मोकळी. चिनी अक्षर मात्र एका काल्पनिक चौकटीच्या मध्यावर तोलले जाते, आणि अक्षर दोन रेघांचे असो की वीस रेघांचे, चौकट तेवढीच राहते. पहिल्या दिवसांत जवळपास सर्वांची अक्षरे चौकटीच्या वरच्या कडेला चिकटलेली होती. यासाठी चीनमधील प्राथमिक शाळांत वापरतात तसे, आत अधिक-चिन्ह आखून चौकटीचे चार भाग केलेले कागद बाई स्वतः छापून देतात. कागद जाडसर आहे, पेन्सिल खोडल्यावर फाटत नाही, आणि पहिल्या ओळीत फिकट छापलेले अक्षर गिरवायला मिळते. हे कागद संपल्यावर त्यांनी सुचवलेला उपाय अगदी साधा आहे : कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मोठ्या चौकटींची गणिताची वही घ्यावी आणि चार चौकटी मिळून एक घर समजावे, म्हणजे मधले अधिक-चिन्ह आपोआप मिळते. परदेशातून मागवलेल्या महाग सराववह्यांची गरज नाही, हे मी अनुभवाने सांगते.

बाई तपासताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या पानावरील एकाच अक्षराला लाल गोल करतात, जे त्या पानावर सर्वांत चांगले आलेले असते, आणि ते का चांगले आले हे विद्यार्थ्याने स्वतः सांगायचे असते. या पद्धतीचे मला विशेष कौतुक वाटते, कारण त्यामुळे डोळा तयार होतो आणि घरी तपासायला कोणी नसले तरी सराव वाया जात नाही. एका तासाला पाण्याने लिहायचे कापड आणि कुंचलाही दिला होता. ओला कुंचला फिरवला की रेघ काळी उमटते आणि थोड्या वेळाने वाळून नाहीशी होते. अनुभव आनंदाचा होता, मात्र पेनने लिहिण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग मर्यादितच म्हणावा लागेल.

उच्चारांच्या बाबतीत या वर्गाने जे केले आहे ते इंग्रजी माध्यमातील पुस्तकांना जमलेले नाही. रोमन लिपीवर आधारलेली पिनयिन ही लेखनपद्धती चीनने १९५८ मध्ये स्वीकारली. तिच्यातील अक्षरे इंग्रजी वळणाने वाचली तर उच्चार हमखास चुकतात. इंग्रजीभाषकांना ज्या जोड्या वेगळ्या ऐकू येण्यासाठी फार कष्ट पडतात, त्या प-फ, त-थ, क-ख अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्याच आहेत आणि मराठी माणसाला त्या घरच्याच आहेत. म्हणूनच चिनी राजधानीचे नाव मराठीत ‘पेइचिंग’ असे लिहिले तर ते मूळ उच्चाराच्या अधिक जवळ जाते. ‘मूल’ या अर्थाच्या अक्षराच्या आरंभी येणारा ध्वनी हा ‘चूल’ आणि ‘चोर’मधील दंत्य ‘च’ आहे, जो हिंदीत नाही आणि आपल्याकडे आहे. बाईंनी हे सगळे फळ्यावर देवनागरीत मांडले तेव्हा वर्गातील कितीतरी जणांची भीती गेली. ‘हाओ’मधील ‘ह’ मात्र आपल्या ‘ह’पेक्षा थोडा खरखरीत, घशाच्या वरच्या भागातून येणारा आहे, ‘स्त्री’ या अर्थाच्या शब्दातील स्वरासाठी ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावे लागते, आणि तो स्वर आपल्याकडे नाही.

सूर हा वेगळाच विषय आहे. चिनी भाषेत शब्द म्हणताना आवाज कसा चढतो-उतरतो यावर अर्थ ठरतो, आणि असे चार सूर आहेत. ‘हाओ’ तिसऱ्या सुरात म्हणायचा असतो, म्हणजे आवाज खाली उतरवून तळाशी ठेवायचा. एकटा शब्द असेल तर शेवटी तो थोडा वर येतो, पुढे दुसरा शब्द असेल तर बहुधा खालीच राहतो. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिल्याचा चढता, म्हणजे दुसरा, सूर होतो, आणि ‘नी हाओ’मध्ये नेमके हेच घडते, लिहिताना मात्र खूण तिसऱ्या सुराचीच राहते. पुस्तकात हा नियम एका ओळीत असतो. येथे तो जोडीजोडीने बसवून, एकमेकांना अभिवादन करायला लावून, कानात पक्का करून घेतला जातो.

‘स्त्री आणि मूल मिळून चांगले’ ही गोष्ट बहुतेक सर्व पुस्तके सांगतात, आणि अक्षर लक्षात राहण्यासाठी ती उपयोगी आहे यात शंका नाही. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन यांनी रचलेल्या प्राचीन कोशातही या अक्षराची फोड याच दोन घटकांत केलेली असून अर्थ ‘सुंदर’ असा दिलेला आहे. त्याहून हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या, शांग राजवटीच्या काळातील हाडांवरच्या लेखांत गुडघे टेकून बसलेली स्त्री आणि मूल ही चित्रे एकत्र आलेली दिसतात. १९७६ मध्ये आन्यांग येथे जिची कबर सापडली त्या फू हाओ या राजस्त्रीच्या नावात हेच अक्षर आहे. हा इतिहास बाईंनी मोजक्या शब्दांत सांगितला आणि लगेच इशारा दिला की, प्रत्येक अक्षरात अशी गोष्ट शोधू नये. ‘आई’ या अर्थाच्या अक्षरात स्त्रीशेजारी घोडा आहे, आणि तो केवळ उच्चार सुचवण्यासाठी आला आहे. चिनी अक्षरांपैकी बहुसंख्य अक्षरे अशीच एका घटकातून अर्थाचा आणि दुसऱ्यातून उच्चाराचा संकेत देणारी आहेत. १७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी कोशात २१४ मूलघटकांची, म्हणजे ज्यांच्या क्रमाने कोशात अक्षरे लावतात त्या घटकांची, जी यादी रूढ झाली तिच्यात ‘स्त्री’ ३८ वा आणि ‘मूल’ ३९ वा आहे. छापील कोशात अक्षर शोधण्याचा पहिला धडा त्यामुळे याच अक्षरावर देता आला.

सत्राच्या उत्तरार्धात वापराकडे वळल्यावर मात्र एवढा वेळ एकाच अक्षराला का, या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. ‘हाओ’ क्रियापदाच्या आधी आले तर ती क्रिया सुखद किंवा सोपी असल्याचे सांगते : ‘हाओछ्र’ म्हणजे चविष्ट, ‘हाओखान’ म्हणजे दिसायला छान, ‘हाओथिंग’ म्हणजे ऐकायला गोड, ‘हाओयुंग’ म्हणजे वापरायला सोयीचे. विशेषणाच्या आधी आले तर आश्चर्य किंवा अतिशयता दाखवते. ‘हाओ लंग’ म्हणजे ‘किती ही थंडी!’, आणि ‘हाओ त्वो’ म्हणजे ‘कितीतरी’. एकटे आले तर होकार, ‘हाओ-त’ असे आले तर ‘बरे, ठीक आहे’, ‘हाओ-पा’ असे आले तर मनाविरुद्ध दिलेली मान्यता; वाक्याच्या शेवटी ‘हाओ पू हाओ’ जोडले तर ‘चालेल ना?’ असे विचारणे. ‘हाओहाओ’ असे दोनदा आले तर ‘नीट, मन लावून’. चिनी शाळांच्या भिंतींवर लिहिलेली ‘हाओहाओ श्युएशी’ ही सूचना म्हणजे ‘मन लावून अभ्यास करा’.

माझ्या कामासाठी सर्वांत मोलाचा ठरला तो क्रियापदाच्या नंतर येणारा ‘हाओ’. ‘च्वोवान-ल’ म्हणजे काम संपले. ‘च्वोहाओ-ल’ म्हणजे काम नीट पूर्ण होऊन वस्तू वापरण्याजोगी झाली. मराठीत आपण ‘लिहून झाले’ आणि ‘लिहून ठेवले आहे’ यांत जो फरक सहज करतो त्याच्या जवळ जाणारा हा फरक आहे, म्हणूनच तो मराठीतून समजावणे इंग्रजीपेक्षा सोपे जाते. पुरवठादाराच्या पत्रात ‘चुन्पेइ हाओ-ल’ असे असेल तर माल सिद्ध आहे, बांधणी करून पाठवण्याजोगा आहे. उत्पादन ‘वान’ झाले एवढेच असेल तर तपासणी आणि बांधणी यांविषयी पुन्हा विचारलेले बरे. तसेच ‘ष्वोहाओ-ल’ म्हणजे नुसते बोलणे नव्हे, तर ठरवणे, शब्द देणे. किंमत अशी ‘ठरली’ असेल तर ती बदलण्याची भाषा नंतर कोणी करू नये, अशी अपेक्षा समोरच्या पक्षाची असते. हा भाग शिकवताना बाईंनी व्यापारी पत्रांतील खरी वाक्ये, नावे व आकडे झाकून, वाचायला दिली. वर्गातील हा तास सर्वांत जिवंत होता, आणि एरवी मागे बसणारे जकातीच्या कामातील दोन गृहस्थ त्या दिवशी सर्वांत जास्त बोलले.

आता उणिवा. पहिली गंभीर उणीव अशी की, याच अक्षराचा दुसरा उच्चार फार उशिरा येतो. चौथ्या, म्हणजे झपकन उतरणाऱ्या, सुरात म्हटलेला ‘हाओ’ हा ‘आवड असणे’ या अर्थाचा आहे. छंदासाठी ‘आय-हाओ’, जिज्ञासू या अर्थी ‘हाओछी’, आतिथ्यशील या अर्थी ‘हाओख’. लिहायला अक्षर तेच, वाचायला सूर वेगळा. स्वतःची ओळख करून देण्याच्या पहिल्याच संवादात छंद हा शब्द येतो, आणि तरीही त्याची फोड सत्राच्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत लांबली. तोपर्यंत अनेकांच्या तोंडात तो शब्द चुकीच्या सुरात बसला होता. जो वर्ग एका अक्षराला पूर्ण न्याय देऊ पाहतो त्याने ही दुसरी बाजू सत्राच्या मध्यावर तरी आणायलाच हवी.

दुसरी उणीव संगणक आणि मोबाइलवर टंकलेखनाची. पिनयिनमध्ये ‘हाओ’ लिहिले की पडद्यावर उच्चाराने सारख्या अक्षरांची रांग उभी राहते, ज्यात ‘क्रमांक’ या अर्थाचे अक्षरही असते, आणि त्यांतून योग्य ते ओळखून निवडावे लागते. हाताने शिकलेल्या अक्षराची ओळख येथेच कामी येते. म्हणून हे दोन्ही एकत्र शिकवले तर हाताने लिहिण्याचे महत्त्व कोणाला वेगळे पटवून देण्याची गरज राहणार नाही. प्रत्यक्षात टंकलेखनाला एका तासाचा अखेरचा भाग मिळाला. याशिवाय खोली रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे वाहनांचा आवाज फार येतो, आणि सूर शिकताना तो खरोखर त्रासदायक होतो. ध्वनिमुद्रणे घरी ऐकण्यासाठी मिळत नाहीत. ती मिळायला हवीत.

परीक्षेचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चीनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-मानकात नऊ पातळ्या असून पहिल्या पातळीसाठी ३०० अक्षरे आणि ५०० शब्द ओळखणे अपेक्षित आहे. पहिल्या तीन पातळ्या मिळून ओळखायची अक्षरे ९०० होतात, पण हाताने लिहिता येण्याची अपेक्षा त्यांपैकी ३०० अक्षरांचीच आहे. काही महिन्यांत परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचे असेल तर या वर्गाची गती पुरणार नाही, आणि तशा विद्यार्थ्याने परीक्षेच्या अभ्यासक्रमावर बेतलेला दुसरा वर्ग शोधावा. ज्यांना कामासाठी किंवा आवडीने ही भाषा दीर्घकाळ सोबत ठेवायची आहे, ज्यांचे हस्ताक्षरावर प्रेम आहे, आणि ज्यांना मराठीतून प्रश्न विचारल्यावर मराठीतून उत्तर हवे आहे, त्यांना मी हा वर्ग मनापासून सुचवते. ठाण्याहून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल थेट वाशीपर्यंत आणते. रविवारी गाड्यांमधील अंतर वाढते, तेवढे पाहून निघावे.

दुसरे सत्र पावसाळ्यानंतर सुरू होते आणि त्यात अक्षरांचा वेग बराच वाढतो. मी त्यासाठी नाव नोंदवले आहे. टंकलेखनाचे तास त्या सत्राच्या पहिल्या महिन्यातच घेण्याचे बाईंनी मान्य केले असून, ध्वनिमुद्रणांसाठी रस्त्यापासून आतल्या बाजूची खोली मिळते का, याची चौकशी त्या करत आहेत.